पार्किन्सन्सची सुरुवात पोटात होते का?

आजचा विषय आहे पार्किन्सन्स आणि आतड्यातले जिवाणू. विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यातल्या निम्म्यांचा सूर एकच होता. हात थरथरतो, चाल मंदावते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. हा तर मेंदूचा आजार. मग मध्येच पोट कुठून आलं? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असंच वाटतं ते. उरलेल्या निम्म्यांचा सूर अगदी उलटा. "पोट दुरुस्त केलं की पार्किन्सन्स बरा होतो असा निरोप मोबाइलवर आलाय, तर कोणतं प्रोबायोटिक घ्यायचं तेवढं सांगा."

दोघांनाही आज थोडं निराश करावं लागणार आहे.

"पोटाचा संबंध आहे" असं आपण सहज म्हणतो, पण त्यात तीन वेगळी विधानं दडलेली असतात. आजार पोटात सुरू होतो, हे एक. तो जिवाणूंमुळे होतो किंवा वाढतो, हे दुसरं. आणि जिवाणू औषधाच्या कामात लुडबुड करतात, हे तिसरं. तिन्हींचे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. वर्तमानपत्रांत पहिल्या दोघांचाच गाजावाजा होतो. आमच्या मते रुग्णाच्या रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचं आहे ते तिसरं. तिथे पोचायला मात्र जरा वेळ लागेल.

सुरुवात १८१७ सालापासून करू. लंडनच्या हॉक्सटन भागात राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी थरथरत्या लकव्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. सहा रुग्णांच्या आधारावर, आणि त्यातले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले! पण नजर बघा. कंप, वाकलेली पाठ, धावल्यासारखी चाल हे सगळं तर त्यांनी टिपलंच, शिवाय या माणसांची आतडी मंदावलेली असतात आणि पुढे पुढे जोरकस रेचकाशिवाय भागत नाही, हेही नोंदवलं. म्हणजे पोटाची तक्रार या आजाराच्या पहिल्याच वर्णनात आहे. आपणच तिच्याकडे पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं "म्हातारपणी व्हायचंच" म्हणून पाहत राहिलो.

बद्धकोष्ठ आजारासोबत येतं एवढंच असतं, तर फार नवल नव्हतं. ते आधी येतं, ही खरी गोष्ट आहे. हवाई बेटांवर, होनोलुलूमध्ये, जपानी वंशाच्या पुरुषांचा हृदयरोगासाठी एक मोठा अभ्यास चालू होता. त्यात इतर शंभर गोष्टींबरोबर शौचाला दिवसातून किती वेळा होतं, हेही विचारून ठेवलेलं. या ६,७९० पुरुषांवर संशोधकांनी पुढे चोवीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आला: ज्यांना रोज एकदाही होत नव्हतं, त्यांच्यात पार्किन्सन्सचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांपेक्षा २.७ पट होतं. हा आकडा लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तो पुन्हा लागणार आहे, आणि त्याच्याबरोबर याच अभ्यासातला आणखी एक आकडाही.

आता मेंदूत काय होतं ते थोडक्यात. मेंदूच्या मधल्या भागात 'सबस्टन्शिया नायग्रा' नावाचा एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात, आणि हालचाल गुळगुळीत, सहज व्हायला हे डोपामिन लागतं. या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागून माणूस डॉक्टरकडे जातो, तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, गेलेल्या असतात. ज्या दिवशी निदान होतं तो आजाराचा पहिला दिवस नसतो, इतकं तरी यातून कळतं.

१९१२ मध्ये फ्रिड्रिख लेवी यांना अशा रुग्णांच्या मेंदूच्या पेशींमध्ये गोल गोळे दिसले. त्यांना आज लेवी बॉडीज म्हणतात. गंमत अशी, की लेवींना हे गोळे त्या काळ्या पट्ट्यात दिसलेच नव्हते. ते दिसले होते व्हेगस नावाच्या चेतेचा उगम जिथे आहे अशा भागांत. काळ्या पट्ट्यातले गोळे काही वर्षांनी त्रेत्याकोव्ह यांनी दाखवले. गोळे कशाचे बनलेत हे कळायला मात्र १९९७ साल उजाडलं. ते 'अल्फा सायन्यूक्लिन' नावाच्या प्रथिनाचे असतात. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या चेतापेशींत असतंच, त्यात वाईट काही नाही. वाईट होतं ते त्याची घडी बिघडल्यावर. बिघडलेल्या घडीचा एक रेणू शेजारच्या धड रेणूला आपल्यासारखा करतो, तो पुढच्याला.

हे समजायला आपल्या स्वयंपाकघरात उत्तम उदाहरण आहे: विरजण. पातेलंभर दुधात चमचाभर दही, आणि सकाळपर्यंत सगळ्याचं दही. (इथे कुणीतरी लगेच म्हणेल की दही तर जिवाणूंमुळे लागतं. बरोबर. पण इथे आपण प्रथिनाबद्दलच बोलतोय, तेवढं ध्यानात असू द्या. विरजण फक्त पसरण्याची रीत समजण्यापुरतं.)

तर हे विरजण पहिल्यांदा कुठे पडतं? जर्मनीतले शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी मृत्यूनंतर दान झालेले कितीतरी मेंदू तपासले आणि २००३ मध्ये एक क्रम मांडला. गोळे आधी दिसतात व्हेगसच्या उगमाशी आणि वासाच्या केंद्रात, नंतर वर चढत काळ्या पट्ट्यात, आणि शेवटी मेंदूच्या बाहेरच्या थरात. व्हेगस ही मेंदूतून निघून छातीतून खाली पोटापर्यंत जाणारी लांबलचक चेता आहे. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचं जाळं असतं, आणि त्या जाळ्याचा मेंदूशी मुख्य संपर्क हिच्यामार्फत होतो. ब्राक यांची शंका अशी, की बाहेरचं काहीतरी, विषाणू असेल किंवा विष असेल, पोटातून किंवा नाकातून आत शिरत असावं आणि बिघाड व्हेगसवरून मेंदूकडे चढत जात असावा. पुढे त्यांच्या गटाला रुग्णांच्या जठराच्या भिंतीतल्या चेतापेशींतही तसेच साठे दिसले.

शंका झाली. ती तपासायची कशी? माणसाची व्हेगस कापून तर बघता येत नाही.

पण ती कापली जात होती! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जठरातल्या अल्सरवर हा रूढ उपाय होता. व्हेगस तोडली की आम्ल कमी होतं. पुढे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, अल्सरमागे बहुतेकदा एक जिवाणू असतो हेही कळलं, आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या नोंदी जपून ठेवतात. तिथल्या संशोधकांनी १९७७ ते १९९५ मध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नोंदी काढल्या. दोन प्रकार होते. एकात व्हेगसचा मूळ बुंधाच तोडलेला. दुसऱ्यात फक्त जठराच्या आम्लाकडे जाणाऱ्या फांद्या. २०१५ मध्ये त्यांनी मांडलं, की बुंधा तोडलेल्यांमध्ये वीस वर्षांनंतर पार्किन्सन्सचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं, आणि नुसत्या फांद्या तोडलेल्यांत असा फरक नव्हता. स्वीडनमधून २०१७ मध्ये साधारण याच दिशेचा निष्कर्ष आला.

इथे टाळ्या वाजवायच्या आधी थांबू या. डॅनिश नोंदींवरच दुसऱ्या एका गटाने काम केलं आणि म्हटलं, की हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मुळात पार्किन्सन्स झालेल्यांची संख्याच अशा अभ्यासांत छोटी असते, दहा-वीस माणसं इकडची तिकडे झाली की चित्र बदलतं. आम्ही हा पुरावा 'बोलका' म्हणू, 'निर्णायक' म्हणणार नाही.

उंदरांवरचा प्रयोग जास्त स्वच्छ आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने बिघडलेल्या घडीचं अल्फा सायन्यूक्लिन उंदरांच्या जठराच्या शेवटच्या भागात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला टोचलं. काही महिन्यांत बिघाड मेंदूत पोचला, डोपामिनच्या पेशी मेल्या, उंदीर अडखळू लागले. व्हेगस आधीच कापलेल्या उंदरांत हे झालं नाही. आणि ज्या उंदरांत मुळात अल्फा सायन्यूक्लिनच नव्हतं त्यांच्यातही झालं नाही. पातेल्यात दूधच नाही, तर विरजण लावून दही कसं लागणार?

म्हणजे वाट आहे, हे सिद्ध झालं. पण वाट असणं वेगळं आणि प्रत्येक जण त्याच वाटेने आला असं म्हणणं वेगळं. ब्राक यांच्या क्रमात न बसणारे मेंदूही भरपूर आहेत. डेन्मार्कमधल्या आरहूसचे पेर बोर्गहॅमर यांचं म्हणणं असं, की रुग्णांचे दोन गट असावेत: काहींत सुरुवात शरीरात होऊन आजार वर चढतो, काहींत मेंदूत होऊन खाली उतरतो. पहिल्या गटात बद्धकोष्ठ आणि झोपेत स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्ष करणं, म्हणजे ओरडणं, हातपाय झाडणं, हे कंपाच्या कितीतरी आधी दिसतं. हे मत अजून तपासलं जात आहे, पण दवाखान्यात दिसणाऱ्या विविधतेशी ते जुळतं, म्हणून आम्हाला ते पटण्यासारखं वाटतं.

आता जिवाणू. इतका वेळ त्यांचं नावही नीट घेतलं नाही, कारण आतापर्यंतच्या कथेत त्यांची गरजच पडली नव्हती. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: 'पोटात सुरू होतो' याचा अर्थ 'जिवाणूंमुळे होतो' असा नाही.

जिवाणूंचा मुद्दा जोरात आला तो २०१६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेतल्या सार्किस माझमानियन यांच्या प्रयोगशाळेतून. त्यांच्याकडे असे उंदीर होते, ज्यांच्या शरीरात माणसाचं अल्फा सायन्यूक्लिन जरुरीपेक्षा जास्त बनतं. हे उंदीर मोठे झाल्यावर अडखळतात. अरुंद पट्टीवरून नीट चालता येत नाही, खांबावरून उतरायला वेळ लागतो, नाकावर चिकटवलेली टिकली काढता येत नाही. यातलेच काही उंदीर जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवले; हवा निर्जंतुक, खाणं निर्जंतुक, पोटात एकही जिवाणू नाही. जनुकं तीच, प्रथिन तेच, पण त्रास बराच कमी! मग या निर्जंतुक उंदरांच्या पोटात पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू सोडले, आणि काहींच्या पोटात निरोगी माणसांचे. रुग्णांचे जिवाणू मिळालेले उंदीर जास्त बिघडले.

या प्रयोगातला एक तपशील बातम्यांत क्वचितच येतो. जिवाणू आपल्या अन्नातल्या चोथ्यापासून काही आम्लं तयार करतात, ब्युटिरेटसारखी. ही आम्लं आतड्याच्या अस्तराला चांगली, असं एरवी मानलं जातं. पण त्या निर्जंतुक उंदरांना जिवाणूंऐवजी नुसती ही आम्लं पाजली, तरी त्यांची लक्षणं परतली. उलट माणसांमध्ये काय दिसतं? रुग्णांच्या पोटात ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमीच असतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा आलेलं आहे. म्हणजे उंदरात जे वाढल्याने बिघडलं, ते माणसात आधीच घटलेलं. 'चांगले जिवाणू, वाईट जिवाणू' अशी सोपी वाटणी करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारावा.

माणसांवरच्या पाहण्यांबद्दल थोडं. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी ७२ रुग्ण आणि ७२ निरोगी माणसांची तुलना केली. पुढे अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या गटाने ४९० रुग्णांवर आणखी तपशिलात काम केलं. दोघांनाही रुग्णांच्या जिवाणूंची वस्ती वेगळी आढळली, याबद्दल आता फारसा वाद नाही. वाद आहे तो आधी काय, याचा. बद्धकोष्ठ असलं की मळ आतड्यात जास्त वेळ राहतो आणि जिवाणू बदलतात. पार्किन्सन्सची काही औषधंच जिवाणू बदलतात. चावणं-गिळणं अवघड झालं की माणूस मऊ भात-खिचडीवर येतो, भाकरी-कोशिंबीर सुटते, त्यानेही बदलतात. एका दिवशी घेतलेल्या नमुन्यातून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ओळखणं फार कठीण.

याला सरळ उत्तर म्हणजे जिवाणूच बदलून बघायचे. निरोगी दात्याची विष्ठा प्रक्रिया करून रुग्णाच्या आतड्यात सोडणं, ज्याला विष्ठा-प्रत्यारोपण म्हणतात, त्याच्या दोन चांगल्या चाचण्या २०२४ मध्ये छापून आल्या. दोन्हींत चाळीसच्या वर, पन्नासच्या आत रुग्ण. बेल्जियममधल्या गेंटच्या चाचणीत नाकातून नळी घालून ते लहान आतड्यात सोडलं. वर्षभराने हालचालीच्या गुणांत दुसऱ्या गटापेक्षा थोडी जास्त सुधारणा दिसली. 'थोडी' हा शब्द अधोरेखित करा. फिनलंडच्या चाचणीत कोलोनोस्कोपीने मोठ्या आतड्यात सोडलं. सहा महिन्यांनी फरक दिसला नाही, पोटाच्या तक्रारी मात्र प्रत्यारोपण झालेल्यांत जास्त होत्या. एक थोडी हो, एक नाही. यावर आज कुणी पैसे घेऊन उपचार देऊ करत असेल, तर तो शास्त्राच्या पुढे धावतो आहे.

आता तिसऱ्या विधानाकडे. पार्किन्सन्सचं मुख्य औषध लेव्होडोपा. डोपामिन थेट देता येत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. अडचण अशी, की शरीरातलं एक विकर हे रूपांतर वाटेतच, मेंदूबाहेरच, करून टाकतं. म्हणून गोळीत कार्बिडोपा किंवा तसंच दुसरं द्रव्य मिसळलेलं असतं. ते त्या विकराला आवरतं. तरीही काहींना थोड्या मात्रेत गुण येतो आणि काहींना मात्रा वाढवत न्यावी लागते. का?

२०१९ मध्ये हार्वर्डमधल्या एमिली बाल्सकस यांच्या गटाने आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने, दोघांनी स्वतंत्रपणे, एक कारण दाखवलं. एन्टेरोकॉकस फीकॅलिस नावाचा, कितीतरी जणांच्या आतड्यात सुखाने राहणारा जिवाणू स्वतःचं एक विकर बाळगतो, आणि त्याने लेव्होडोपाचं डोपामिन आतड्यातच करून टाकतो. कार्बिडोपा माणसाच्या विकराला आवरतं, पण जिवाणूच्या विकराला जवळजवळ दाद लागू देत नाही. पुढे एगर्थेला लेंटा नावाचा दुसरा जिवाणू त्या डोपामिनचीही मोडतोड करतो. ग्रोनिंगेनच्या गटाला मोजक्याच रुग्णांच्या नमुन्यांत असं दिसलं, की या विकराचं जनुक ज्यांच्या पोटात जास्त, त्यांची औषधाची मात्राही जास्त. जिवाणूच्या विकराला रोखणारं एक द्रव्य हार्वर्डच्या गटाने उंदरांत वापरून पाहिलं, तर रक्तातलं लेव्होडोपा वाढलं. माणसांसाठी असं औषध अजून दुकानात नाही.

खाजकुयलीच्या बिया घेणाऱ्यांनी इथे जरा कान द्यावा. त्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरंच आहे. १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनीच ते त्यातून वेगळं काढलं होतं. पण जिवाणूला लेव्होडोपा गोळीतलं की बियांतलं, याचा फरक कळत नाही. शिवाय बियांच्या चूर्णात सोबतीला कार्बिडोपा नसतं, आणि दर चमच्यात मात्रा किती, तेही ठरलेलं नसतं. डॉक्टरांच्या गोळीवर गुपचूप हे चूर्ण चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, एवढंच.

जिवाणूंची चाचणी आज घरोघरी होत नाही. पण आतडं औषधाच्या आड कसं येतं हे कळलं, की काही गोष्टी लगेच करता येतात. लेव्होडोपा शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. जठर सुस्त असेल, तर गोळी तिथपर्यंत पोचतच नाही. सकाळची गोळी अकरापर्यंत लागू पडत नाही अशी तक्रार येते, तिचं एक कारण हे. गोळी डाळ, पनीर, अंडी अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली, तर प्रथिनांचे अंश त्याच दारातून आत जायला रेटारेटी करतात. म्हणून ती साधारण जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी असं सांगतात. मळमळ होत असेल तर त्यातून मार्ग डॉक्टर काढतील. आणि बद्धकोष्ठावर नेटाने उपचार करायचे: पाणी, चोथा, चालणं, आणि लागेल तर औषध. 'आधी हाताचं बघू, पोटाचं नंतर' हा क्रम चुकीचा आहे. आपल्याकडे स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी म्हणतात. शुभार्थींच्या घरी एक साधी वही ठेवा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पोट साफ झालं का, आणि गुण कधी आला, कधी उतरला. दोन आठवड्यांची अशी वही पाहून डॉक्टरांना जे कळतं, ते पाच मिनिटांच्या तपासणीत कळत नाही.

वेळ संपत आलीय, शेवटची एक चिठ्ठी घेतो. "माझ्या आईला कित्येक वर्षांपासून बद्धकोष्ठ आहे. तिला पार्किन्सन्स होणार का?" चिठ्ठीवर नाव नाही, पण ज्यांची असेल त्यांनी होनोलुलूचा दुसरा आकडा ऐकावा. त्या ६,७९० जणांपैकी इतक्या वर्षांत पार्किन्सन्स झाला तो ९६ जणांना. प्रमाण २.७ पट असलं, तरी ते एका छोट्या आकड्याच्या २.७ पट आहे. बद्धकोष्ठ असलेल्या बहुसंख्य माणसांना हा आजार कधीच होत नाही. त्यांच्या बद्धकोष्ठाची कारणं साधी असतात: पाणी कमी, हालचाल कमी, थायरॉइड, रक्तदाबाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या. मात्र आईला अलीकडे फोडणीचा वास येईनासा झाला असेल, ती झोपेत ओरडत किंवा हात झाडत असेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा, आणि दाखवताना बद्धकोष्ठाचं त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.